बाई, माझा आकडा कुठे गेला?

परवा शाळेतलं कपाट आवरताना एक गुंडाळलेला कागद हाती लागला. उलगडून बघितला तर दोन वर्षांपूर्वीच्या आमच्या आठवीचा आलेख. 'आपल्या परिसरातील विहिरींची पाणीपातळी'. सहा रंगांच्या सहा रेषा, सगळ्या कशा शिस्तीत खाली उतरणाऱ्या. विज्ञान प्रदर्शनात ह्याच आलेखाचं कौतुक झालं होतं, आणि ह्याच आलेखाने पुढे चार रात्री माझी झोप उडवली होती. तेव्हा आत्याला फोनवर अर्धवट काहीतरी सांगितलं होतं. आज सगळंच सांगून टाकते.

मी फलटण तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवते. आमच्याकडे 2010 पासून आकारिक मूल्यमापन आलं आणि त्याबरोबर 'प्रकल्प' हा शब्द घराघरात पोचला. तुमच्यापैकी ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना प्रकल्प म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. रविवारी रात्री नऊ वाजता थर्माकोल शोधत फिरणारे बाबा, आणि 'आई, उद्याच द्यायचंय' असं तोंड करून उभी असलेली कार्टी :) स्टेशनरीच्या दुकानात तर चित्रांचे छापील तक्ते तयारच मिळतात. पाच रुपयांना सूर्यमाला, पाच रुपयांना समाजसुधारक. आता तेवढेही कष्ट नाहीत. नेटवरून उतरवायचं, छापायचं, स्पायरल बाइंडिंग करून द्यायचं. मुखपृष्ठावर नाव तेवढं मुलाचं.

ह्याचा मला मनापासून कंटाळा आला होता. म्हणून ठरवलं, की असा विषय द्यायचा ज्याचं उत्तर नेटवर नाहीच. आपल्या गावातल्या विहिरीत ह्या शनिवारी पाणी किती खोल आहे, हे गूगलला काय माहीत?

तर झालं असं. आठवीत 43 मुलं. सहा विहिरी निवडल्या, कठडा बांधलेल्या आणि मालकाने 'या हो बाई' म्हटलेल्या. सहा गट पाडले, पाच गटांत सात-सात आणि एकात आठ. प्रत्येक गटाला एक दोर, फुटाफुटावर गाठ मारलेला, टोकाला पालथं बांधलेलं पितळी फुलपात्र. ते पाण्याला टेकलं की 'डब्ब' असा आवाज येतो, की लगेच दोर धरायचा आणि गाठी मोजायच्या. भूजल सर्वेक्षणवाले त्यांच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात, आम्ही दर शनिवारी मोजणार होतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी. सोबत घरातलं कोणी मोठं माणूस असलंच पाहिजे, हा एकच नियम मी फार कडक ठेवला होता. बाकी नियम करायला हवे होते ते मात्र राहिले.

आणि मग तंत्रज्ञान. आमच्या संगणक खोलीत दहा संगणक आहेत, त्यातले चार चालू होतात, तेही मनात आलं तर. पण प्रत्येक गटात एकाच्या तरी घरी बरा फोन होताच. 2020 च्या लॉकडाऊनने तेवढं एक काम केलेलं आहे. मी गूगल शीट्सवर एक सामायिक तक्ता करून दिला. तारीख, विहीर क्रमांक, खोली फुटात. सगळे गट एकाच तक्त्यात भरणार, आलेख आपोआप तयार होणार. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं त्या दिवशी. त्याच वर्षी परितेवाडीच्या डिसले सरांचं उदाहरण आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात निघत होतं, 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळालेले ते, पुस्तकातले क्यूआर कोडवाले. आपणही त्यातलेच, असं जरा वाटून घेतलं.

प्रदर्शन झालं. पाहुणे आलेख बघून म्हणाले, 'किती सुबक आहे!' मी मुख्याध्यापकांकडे बघितलं, मुख्याध्यापकांनी माझ्याकडे. सगळ्या गटांना वीसपैकी वीस.

संध्याकाळी मी फळ्यावरचे कागद काढत होते. चार नंबरच्या विहिरीच्या गटातली एक मुलगी येऊन उभी राहिली. वर्गात तिचा आवाज मी वर्षभरात दहा वेळासुद्धा ऐकला नसेल. हातात वही. म्हणाली, "बाई, माझा आकडा कुठे गेला?"

मला आधी कळेचना. तिने वही उघडली. दर शनिवारची नोंद, तारखेसकट, आणि उजवीकडे तिने स्वतःच आखलेला 'शेरा' नावाचा रकाना. 'मोटर चालू होती, थांबून परत मोजलं.' 'आजी आली नाही, काका आले.' आकडे असे : 14, 15, 15½, 12, 14. आणि त्या 12 च्या पुढे शेरा, 'चारीला पाणी आलं आहे. मोटर बंद.'

आमच्याकडे नीरा उजव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की चाऱ्यांना पाणी येतं, आणि चारीजवळच्या विहिरी पाझराने वर चढतात. गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. त्या पोरीने ते दोरावर मोजलं होतं. साडेतीन फूट! मी भूगोलाच्या तासाला भूजल पुनर्भरण शिकवते ते हेच, फक्त माझ्या तासाला ते व्याख्या होऊन येतं.

भिंतीवरच्या आलेखात मात्र 12 नव्हता. तिथे 16 होता. आणि पुढच्या 14 च्या जागी 16½.

रात्री पुण्याला भाच्याला फोन लावला. त्याने सांगितलं, 'मावशी, त्या चौकटीवर राइट क्लिक कर, कोणी काय बदललं ते दिसतं.' केलं. दिसलं. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री दहा वाजता एका पालकांच्या नावाने दोन्ही आकडे बदललेले होते. पालक कसले, त्यांचा मुलगा. फोन बापाचा, खातं बापाचं. वर्गातला हुशार, चटपटीत मुलगा, प्रदर्शनात पाहुण्यांना सगळं त्यानेच समजावून सांगितलं होतं. पाच महिन्यांत तो विहिरीवर किती वेळा गेला होता? दोनदा.

दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन विचारलं. रागवायचं ठरवून गेले होते. तो अगदी सरळपणे म्हणाला, "बाई, रेघ मध्येच वर जात होती. तुम्हीच म्हणाला होता ना, आलेख नीट आला पाहिजे."

म्हणाले होते मी. अगदी ह्याच शब्दांत.

आता ह्यावर आमच्या शिक्षक खोलीत दोन मतं पडली. एक, पोरांच्या हातात फोन दिला की हे असंच होणार, खडू-फळा बरा. दुसरं, अहो बाई, आठवीची पोरं, एवढं काय मनाला लावून घेता, गटात काम केलं हेच पुष्कळ. मला दोन्ही पटत नाहीत.

फोनला दोष देणं सोपं आहे. पण फोन नसता तर तो आकडा बदलला कोणी हे मला जन्मात कळलं नसतं. कागदी तक्त्यावर खोडरबर फिरला असता आणि विषय संपला असता. उलट बाजूने बघा, मी केलेल्या त्या तक्त्यात शेऱ्याला रकानाच नव्हता. त्या पोरीकडे प्रकल्पातली सगळ्यात मोलाची गोष्ट होती आणि ती ठेवायला माझ्या तंत्रज्ञानात जागा नव्हती. ही चूक संगणकाची नाही, माझी आहे. पेरूमध्ये शाळकरी मुलांना लॅपटॉप वाटले, आणि 2012 साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा गणित-भाषेत फरक पडल्याचं काही दिसलं नाही. मला नवल वाटलं नाही. यंत्र आलं, पण त्याच्यासमोर बसून कोणी कशाचा शोध घ्यायचा, हे शिक्षकाने ठरवल्याशिवाय ठरत नाही.

दुसऱ्या मताची मला जास्त चीड येते. 'गटात काम केलं हेच पुष्कळ.' काय केलं गटात? ज्याच्याकडे फोन तो बोलतो, ज्याचं अक्षर चांगलं तो लिहितो, बाकीचे टाळ्या वाजवतात, आणि एक जण उन्हात दोर धरून उभी राहते. सहकार्य नाही हे, ही उतरंड आहे, आणि वीसपैकी वीस सगळ्यांना देऊन मी तिच्यावर शिक्का मारला.

बी.एड.ला मी किल्पॅट्रिकच्या 1918 च्या प्रकल्प पद्धतीवर उत्तर घोकून लिहिलं होतं, स्वतः एकही प्रकल्प न करता. गांधीजींच्या नई तालीमवरही लिहिलं होतं, वर्ध्याची 1937 ची परिषद वगैरे. पण त्या पुस्तकात मला जे उपयोगी पडलं असतं ते एलियट अ‍ॅरन्सनचं काम. 1971 साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत गोरी, काळी, मेक्सिकन मुलं पहिल्यांदाच एका वर्गात बसायला लागली आणि रोज भांडणं व्हायला लागली. ह्या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला, दुसऱ्या कोणाकडेही नसलेला. मग अडखळत बोलणाऱ्या मुलाचंही नीट ऐकून घेणं भागच पडलं, कारण त्याचा तुकडा त्याच्याकडूनच मिळणार. जिगसॉ म्हणतात ह्या पद्धतीला. कुठलंही यंत्र लागत नाही.

आणि इतकं लांब तरी कशाला? पाबळला डॉ. कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं हाताने कामं करत शिकतात आणि ती कामं गावाच्या उपयोगाची असतात. जोड कच्चा राहिला तर वापरणारा माणूस दारात येऊन उभा राहतो. माझ्या आलेखाचं गिऱ्हाईक कोण होतं? पाहुणे. त्यांना सुबक हवं होतं. तोच आलेख विहिरीच्या मालकाला दाखवला असता तर तो पहिल्या मिनिटाला म्हणाला असता, 'बाई, आवर्तनाच्या आठवड्यात माझी विहीर खाली कशी गेली?'

गेल्या वर्षी आणि ह्या वर्षी मी तोच प्रकल्प वेगळा करतेय. गटातल्या प्रत्येकाचे शनिवार ठरलेले आहेत, त्या शनिवारचा आकडा त्याचा किंवा तिचा, आणि मोजणाऱ्याला विचारल्याशिवाय तो कोणी बदलायचा नाही. दिवाळीपर्यंत फक्त वही, फोन दिवाळीनंतर. तक्त्यात शेरा हा सगळ्यात रुंद रकाना. शेवटी प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं एकट्याशी बोलते, 'ह्या आठवड्यात रेघ अशी का गेली सांग बरं.' 43 मुलं, पाच-पाच मिनिटं, म्हणजे सहा तासिका गेल्या. पोर्शन मागे पडतो. मुख्याध्यापक सर दर वेळी आठवण करून देतात आणि त्यांचंही चूक नाही. मी अजून त्यातून मार्ग काढलेला नाही, शनिवारचा ऑफ तास वापरते, झालं. ह्या वर्षीच्या आलेखात एका रेषेत मधेच तुटलेली जागा आहे. शेरा, 'आज दोर विसरलो. मोजलं नाही.' मी तो तसाच लावणार आहे.

असो. तर तो जुना कागद. त्या मुलीची वही माझ्याकडेच राहून गेली होती. तिचे गुण मी तेव्हा बदलू शकले नाही, सगळ्यांना पूर्ण दिल्यावर तिला आणखी काय देणार? वही उघडून मी लाल पेनाने आलेखावर दोन टिंबं काढली, 12 चं आणि 14 चं, आणि जुन्या रेषेवरून नवी रेघ ओढली. ती आता दहावीत आहे. मधल्या सुट्टीत बोलावून वही परत दिली आणि कागद दाखवला. तिने बराच वेळ बघितला, बोटाने चौकटी मोजल्या आणि म्हणाली,

"बाई, दुसरं टिंब अर्धा फूट खाली गेलंय."