कंट्रोल-सी न ऐकणारा सर्व्हर

मंडळी, गेल्या आठवड्यात माझ्या तेवीस ओव्या गेल्या. माझ्या म्हणजे अक्काच्या. आई जात्यावर म्हणायची त्या. अक्का फोनवर सांगते, मी टंकतो. घरातल्यांना वायफायवर वाचता याव्यात म्हणून पायथनमध्ये एक चिमुकला सर्व्हरही चालवतो. (निवृत्तीनंतर भाच्याने लावलेलं व्यसन!)

तर झालं असं, की सर्व्हर बंद करायला कंट्रोल-सी दाबलं. ढिम्म. पुन्हा दाबलं. पडद्यावर 'काहीतरी चुकले, पुढे चालू' असं उमटायचं आणि स्वारी परत कामाला. शेवटी वैतागून 'किल -९' चालवलं. सर्व्हर मेला, आणि फाइलमध्ये न उतरता मेमरीतच थांबलेल्या ओव्याही त्याच्याबरोबर गेल्या.

भाच्याने लायब्ररीचा कोड उघडला. आत नुसता 'एक्सेप्ट', म्हणजे जे येईल ते पकडणारा. हेतू वाईट नव्हता. एकाच्या विनंतीत घोळ झाला म्हणून सगळा सर्व्हर पडू नये. परीक्षेत एका मुलाला चक्कर आली तर आपण अख्खा वर्ग उठवत नाही. त्याला बाहेर नेऊन पाणी देतो. तसं त्या एकाला ५०० क्रमांकाचं उत्तर द्यावं आणि पुढे चालावं. पण कंट्रोल-सी ही चक्कर नव्हे हो, ती शेवटची घंटा! पायथनच्या कर्त्यांनी हे ओळखून २००६ च्या २.५ आवृत्तीत 'कीबोर्डइंटरप्ट'ला 'एक्सेप्शन'च्या कुळातून काढून थेट 'बेसएक्सेप्शन'खाली बसवलं. 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहिलं असतं तर घंटा ऐकू गेली असती. एक शब्द जास्त लिहायचा होता.

भाचा म्हणतो, "मामा, आता कंट्रोल-सी कोण दाबतं? सगळं डॉकरमध्ये चालतं." मला हे पटत नाही. डॉकरही आधी सिगटर्म पाठवतो, वेगळं सांगितलं नसेल तर दहा सेकंद थांबतो आणि मग सिगकिल, जो कुणालाच अडवता येत नाही. शिवाय पायथनमध्ये सिगटर्मची सोय आपण केली नाही तर प्रोग्राम जागच्या जागी संपतो, 'फायनली'तली आवराआवरसुद्धा होत नाही. त्या दहा सेकंदांत नव्या विनंत्या घेणं थांबवावं, हातातल्या पुऱ्या कराव्यात, फाइल मिटावी. पर्यवेक्षक तरी वेगळं काय करतो? गो भाषेत २०१७ च्या १.८ आवृत्तीपासून यासाठी 'शटडाउन' नावाची सोयच दिलेली आहे.

लायब्ररीने परस्पर 'एक्झिट' करणंही मला नामंजूर. कधी थांबायचं ते वापरणाऱ्याने ठरवायचं.

असो. माझीही चूक होतीच. प्रत्येक ओवीनंतर 'फ्लश' करायला हवं होतं. भाच्याने काही न बोलता ती ओळ घातली. अक्काला सांगायला मात्र मी दोन दिवस धजावलो नाही. तिला तेवीसपैकी चौदा आठवल्या. त्यातल्या दोन आधीपेक्षा वेगळ्या निघाल्या, आणि "आई अशाच म्हणायची" यावर ती ठाम आहे. बाकीच्या उद्या दुपारी, तिची झोप झाल्यावर.