मिनी ट्रॅक्टरला खोदाईचं बकेट की मोठा ट्रॅक्टर?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कर सोडून सहा लाख किंमत असेल तर ४२ हजार वाचतात. त्याच महिन्यात अतिवृष्टीने मराठवाड्यात बांध फुटले, माती खरडून गेली, विहिरी बुजल्या. खोदाईची कामं अंगावर आली. मिनी ट्रॅक्टरवाल्यांपुढे प्रश्न पडला: आहे त्यालाच मागे बकेट जोडायचं, की ट्रॅक्टरच मोठा घ्यायचा?

बकेट स्वस्त पडतं खरं. पण १८-२५ एचपीच्या ट्रॅक्टरचं वजन कमी, हायड्रॉलिकची ताकद बेताची. बकेट जड झालं की पुढची चाकं उचलतात, उतारावर पलटी व्हायची भीती. त्याच्या मापाचं छोटं बकेट पाइपलाइनीचा चर काढेल. कडक मुरमात ते टिकायचं नाही.

मोठा ट्रॅक्टर नांगरटीला, ट्रॉलीला वर्षभर चालतो. पण द्राक्षाच्या ओळीत शिरत नाही, डिझेल जास्त पितो.

म्हणून आधी वहीत तास मांडा. खोदाई वर्षातून चार-पाच दिवसच असेल, तर तासावर जेसीबी बोलावलेला बरा. बांध एकदाच घालायचा असतो, हप्ता मात्र वर्षानुवर्षं फेडावा लागतो.