डावं कोण, उजवं कोण
भाच्याने घरीच सोल्डर केलेला दोन तुकड्यांचा कीबोर्ड या आठवड्यात रुसला: यूएसबी उजव्या तुकड्याला लावली की ‘पी’ दाबल्यावर ‘क्यू’ उमटे. दोष सोल्डरचा नव्हता. क्यूएमके या मोफत फर्मवेअरला वेगळं काही सांगितलं नाही, तर यूएसबी ज्याला तोच डावा, असं ते धरून चालतं; खुर्ची मिळाली की बाजू ठरते, तसं. ज्याची त्याची बाजू ईईप्रॉम या वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत नोंदवली आणि भांडण मिटलं. माझा खरा राग मधल्या वायरीवर आहे. हेडफोनसारखी दिसणारी ती चार कप्प्यांची पिन वीज चालू असताना उपसली, तर शॉर्ट होऊन चिप जाऊ शकते. असली जोडणी हौशी मंडळींनी बादच करावी. तोवर वाचकहो, आधी यूएसबी काढा, मगच त्या पिनेला हात लावा.