बोल्टांनी काय घोडे मारले?

१९६४ ची फियाट ११०० ‘नवी’ करायला निघालेल्या मंडळींना एकच सवाल : बोल्टांनी तुमचे काय घोडे मारले? रंगाच्या छटेवर महिनाभर खल, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडीबरोबर आलेले नटबोल्ट थेट भंगारात! जागी क्रोमचे चकाचक. अहो, आजीला नथ शोभते, लिपस्टिक नव्हे!

गंज काढा, आटे साफ करा, जस्ताचा साधा मुलामा द्या. जस्त बिचारे स्वतः झिजते, पण लोखंडाला सांभाळते.

मात्र स्टिअरिंगचे कडक पोलादी बोल्ट मुलाम्यासाठी आम्लात बुचकळू नका. पोलादात हायड्रोजन शिरतो आणि वरून राजबिंडा दिसणारा बोल्ट घाटात कटकन मोडतो. ते झिजले असतील तर त्याच ताकदीचे नवे घ्या. चमक बघायला आपण उरलो पाहिजे ना!