टिपणात राहिलेली मुंबईची वेळ

लिनक्सच्या पडद्यावर कडेला देशोदेशीच्या घड्याळांची रांग लावणं आता सोपं आहे. कॉन्की नावाच्या प्रोग्रामच्या फायलीत गावागणिक एक ओळ लिहायची, हवं ते नाव द्यायचं, की झालं. डहाणूला मसोलीत राहणाऱ्या ज्या आईबापांची मुलं टोरंटोत किंवा दुबईत आहेत, त्यांच्या ती खरोखर उपयोगाची. अडतं ते आपली वेळ निवडताना. संगणकाच्या कालविभागांच्या यादीत मुंबई नाही. ‘एशिया/कोलकाता’ घ्यावं लागतं.

नावावरून वाद घालायचं कारण नाही. 1970 पासून जिथली घड्याळं एकसारखी चालली, तेवढ्या भागाला एकच नोंद, असा या यादीमागच्या तक्त्याचा नियम आहे आणि तो ठीकच आहे. पण ती नोंद उघडून पाहा. कोलकात्याची जुनी वेळ सेकंदासकट आहे : ग्रिनिचच्या पुढे 5 तास 53 मिनिटं 20 सेकंद. त्याखाली मद्रासची, 5 तास 21 मिनिटं 10 सेकंद. मग 1906 पासून साडेपाच तास. मुंबईच्या 4 तास 51 मिनिटांना मात्र ओळच नाही.

तक्ता लिहिणाऱ्यांना मुंबईची वेळ ठाऊक नव्हती असंही नाही. जानेवारी 1906 मध्ये नव्या वेळेविरुद्ध मुंबईत गिरणी कामगारांनी दंगा केला, हे त्याच फायलीत लिहिलेलं आहे. फक्त ते टिपणात आहे. टिपणाची ओळ हॅशच्या खुणेने सुरू होते, आणि ती खूण दिसली की संगणक ती ओळ सोडून पुढे जातो. रेल्वे आणि तारखातं नव्या वेळेवर गेलं तरी मुंबईच्या महापालिकेने आपली वेळ सोडली नाही; शहरात ती पुढे अनेक दशकं टिकली. 1930 साली पालिकेच्या घड्याळात किती वाजले होते, हे या तक्त्याला विचारा; उत्तर 39 मिनिटांनी चुकेल.

मसोलीचा याच्याशी थेट संबंध आहे. 4 तास 51 मिनिटं म्हणजे पावणेत्र्याहत्तर अंश पूर्व रेखांश, आणि डहाणूचा किनारा जवळजवळ त्याच रेषेवर आहे. इथे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी 12 वाजून 39 मिनिटांनी. फेब्रुवारीच्या मध्यावर तर एकला सातच मिनिटं उरलेली असतात. जानेवारीत सूर्य उगवतो तो सव्वासातच्या सुमारास, आणि सकाळच्या शाळेची मुलं त्याआधी घराबाहेर पडलेली असतात. आपण मुंबईची वेळ मोडीत काढली. मसोलीचा सूर्य अजून तिच्यावरच चालतो.

तक्त्यात नाव नसलं तरी कॉन्कीच्या ओळीत ग्रिनिचपासूनचा फरक हाताने लिहून देता येतो. चिन्ह तेवढं उलटं : ग्रिनिचच्या पुढची वेळ तिथे उणे लिहितात. टोरंटो आणि दुबईच्या वर अशी एक ओळ घालावी, आणि नावाच्या जागी ‘मसोली’ लिहावं.