आईच्या संगणकाला पासवर्ड हवाच

सकाळपासून अकरा वेळा पासवर्ड चुकला होता. हे मला आईने नाही, संगणकाच्या लॉगने सांगितले. आई फक्त एवढेच म्हणाली, "मी काहीतरी बिघडवलं वाटतं तुझं."

आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत आली होती. घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर मी डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीई टाकून तिला स्वतंत्र खाते काढून दिले होते. बिघडवले होते ते मीच. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा अमेरिकन कीबोर्डच्या बरोबर उलट असतात. सिस्टीम टाकताना मी सवयीने अमेरिकन लेआउट निवडला, कारण टाइप करताना मी कळांकडे बघतच नाही. आई प्रत्येक कळ शोधून दाबते. म्हणून तिच्या खात्यात मी जर्मन लेआउट लावून दिला आणि तिथेच तिने आपला पासवर्ड ठरवला. त्यात एक वाय होता. खात्याच्या आत सगळे ठीक. लॉगिनच्या पडद्यावर मात्र वाय छापलेली कळ दाबली की झेड उमटायचा, आणि ठिपक्यांच्या आड तो दिसणार कसा?

आतली सेटिंग बाहेर का लागू होत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. लॉगिनचा पडद्याला लिनक्समध्ये ग्रीटर म्हणतात आणि तो एक वेगळा प्रोग्राम असतो. लाइटडीएम या व्यवस्थेत तो 'लाइटडीएम' नावाच्याच एका वेगळ्या यूजरच्या नावाने चालतो. तुम्ही अजून आत आलेलाच नसता, त्यामुळे तुमच्या होम फोल्डरमधला लेआउट, भाषा, वॉलपेपर यांच्याशी त्याचा संबंध नसतो. तो बघतो सगळ्या यंत्रासाठी असलेली सेटिंग. डेबियनमध्ये ती 'ईटीसी'खालच्या 'डिफॉल्ट' फोल्डरमधल्या 'कीबोर्ड' नावाच्या फाइलीत असते. तिथे 'यूएस'च्या जागी 'डीई' ही दोन अक्षरे लिहिली, यंत्र पुन्हा सुरू केले, काम झाले.

पण मी हे आधी केले नाही. आधी मी तेच केले जे आपण बहुतेक जण आईवडिलांच्या संगणकावर करतो: पासवर्डच काढून टाकला. लाइटडीएमच्या मुख्य फाइलीत ऑटोलॉगिनच्या ओळीत आईचे खाते लिहिले. यंत्र सुरू केले की थेट तिचा डेस्कटॉप. ब्राउझर उघडल्यावर मात्र पासवर्डची एक नवीच खिडकी समोर आली. जतन केलेले पासवर्ड ज्या कीरिंगमध्ये कुलूपबंद असतात, ती एरवी लॉगिनच्या पासवर्डनेच उघडते. ऑटोलॉगिनमध्ये पासवर्ड कोणी टाकलेलाच नसतो, म्हणून ती कुलूपबंदच राहते. म्हणजे प्रश्न दारातून उठून माजघरात गेला, तोही इंग्रजीत.

आईने मात्र वेगळेच विचारले. "मग तुझ्या खात्याला पासवर्ड कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. तिच्या खात्यात तिची मेल होती, बँकेची कागदपत्रे होती, मावशीला लिहिलेली लांबलचक पत्रे होती. घरी येणारा कोणीही बटण दाबून त्यात शिरू शकत होता. 'त्यांना कुठे जमणार' असे म्हणत आपण सोय करतो ती बऱ्याचदा आपलीच असते, फोन यायला नकोत म्हणून. ऑटोलॉगिन बैठकीतल्या टीव्हीला जोडलेल्या यंत्राला लावा, हरकत नाही. माणसाच्या खात्याला लावू नका, असे माझे आता स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी लॉगिनचा पडदा समोर उभ्या राहणाऱ्या माणसाला साजेसा करावा. डेबियनमधला लाइटडीएम मुळात यूजरची यादी लपवतो आणि नावासाठी रिकामी चौकट दाखवतो. याचे कारण समजते. कीथ पॅकार्ड यांचा एक्सडीएम १९८८मध्ये एक्स-११च्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर आला, तेव्हा असे पडदे विद्यापीठांमधल्या सामायिक यंत्रांसाठी असत. आमच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाच्या संगणकावर आजही मी यादी लपवूनच ठेवीन. तिथे कोण काम करते हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळायचे कारण नाही. घरात तीन माणसे. तिथे 'ग्रीटर-हाइड-यूजर्स'ची किंमत 'फॉल्स' करावी आणि नावे दिसू द्यावीत.

आणि ती मराठीत दिसू द्यावीत. खात्याचे आतले नाव साध्या रोमन अक्षरांत राहते, पण पडद्यावर दिसणारे पूर्ण नाव देवनागरीत लिहिता येते. देवनागरीचा फॉन्ट सिस्टीममध्ये असला की झाले.

तिने पुढचा प्रश्न साहजिकच विचारला: पासवर्डही मराठीत ठेवू का? इथे मी नको म्हणालो. आपला 'ऱ' युनिकोडमध्ये एका संकेतांकानेही लिहिला जातो, आणि साधा 'र' अधिक नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. दिसायला दोन्ही सारखेच. पण यूटीएफ-८मध्ये पहिल्याचे ३ बाइट, दुसऱ्याचे ६. पासवर्डचा हॅश अक्षरांच्या रूपावरून नव्हे, बाइटवरून काढतात. कीबोर्ड बदलला की तोच शब्द अचूक लिहूनही पासवर्ड चुकीचा ठरू शकतो. अकरा वेळा चुकलेल्या माणसाला हे नवे कोडे घालणे बरे नाही. रोमन अक्षरे आणि आकडे, त्यातही वाय-झेड टाळून, आणि लांबी भरपूर.

आणखी एक. ग्रीटरच्या वरच्या पट्टीत सध्याचा लेआउट दाखवणारी खूण लावता येते. ती लावाच.

सुट्टीत भारतात जाऊन घरचे यंत्र लावून देणार असाल, तर शेवटी लॉगआउट करा आणि पासवर्ड त्यांना स्वतःला टाकू द्या. तुम्ही बाजूला उभे राहा. तुम्ही टाकून बघितलात, तर कळांकडे न बघताच टाकाल.