भीड ही भिकेची बहीण



सोयाबीनची मळणी उरकली. माल बाजार समितीच्या आवारात गेला, काटा झाला, कोणाच्या हातात हिशेबपट्टी आली तर कोणाच्या हातात रोकड. शेतकऱ्याच्या खिशात चार पैसे दिसावेत असे हे वर्षातले मोजके दिवस. दुकानदाराची उधारी, रब्बीचे बी-खत, मुलांची फी, एखादी ठरलेली सोयरीक, सगळे याच पैशावर उभे असते. ही गोष्ट आपल्याला जशी ठाऊक, तशीच ती चोरालाही ठाऊक असते. म्हणून या आठवड्यात पिकाचा विषय बाजूला ठेवून, पीक विकल्यावर सुखरूप घरी कसे यावे, त्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

आधी माझीच फजिती सांगतो. साल १९९८. आठवडी बाजाराचा दिवस, पगार नुकताच झालेला, पाकीट विजारीच्या मागच्या खिशात. एस.टी. फलाटाला लागली आणि दाराशी नेहमीची झुंबड उडाली. माझ्या पुढचा माणूस पायरीवरच थांबला आणि "चप्पल पडली, चप्पल पडली" म्हणत खाली वाकला. मागचा मला रेटू लागला. तेवढ्यात खिशापाशी काहीतरी हलले. मला ते कळले, हे लक्षात घ्या. मी मागे वळून पाहिले, तर धुतलेल्या कपड्यातला, हातात वर्तमानपत्र घेतलेला गृहस्थ. मनात आले, भल्या माणसाला कसे विचारावे? तो काय म्हणेल? मी मुकाट्याने वर चढलो. वाहकाने तिकिटाचे पैसे मागितले, तेव्हा खिसा रिकामा होता.

पुढची चूक त्याहून मोठी. कृषी खात्यातला शिकलेला माणूस, पाकीट मारले गेले हे सांगायचे कोणत्या तोंडाने? मी पोलिसांकडे गेलो नाही. घरीसुद्धा आठ दिवसांनी बोललो. त्या महिन्यात आईचे औषध उधारीवर आणावे लागले.

पाकीट चोराने नेले खरे, पण त्याला वाट करून दिली ती माझ्या भिडेने. भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील म्हणत आले. सार्वजनिक जागी होणाऱ्या बहुतेक फसवणुकींच्या मुळाशी मला हीच बहीण उभी दिसते.

हरभऱ्यात घाटेअळीसाठी आपण हेक्टरी ५ कामगंध सापळे लावतो. त्या सापळ्यांनी सगळी कीड मरत नाही. पतंग आले आहेत एवढे ते वेळेवर सांगतात. मग सकाळी फेरी मारून आपण डोळ्यांनी खात्री करतो. चोरी-लबाडीचेही तसेच आहे. ती बहुधा आधी खूण दाखवते. खूण ओळखण्याचा सराव हवा, आणि ओळखल्यावर भीड न धरता बोलण्याचा.

या खुणा कोणत्या, ते पाहू.

पहिली खूण म्हणजे विनाकारण केलेली अडवणूक. गाडीच्या दारात पुढचा थांबतो, मागचा रेटतो आणि तिसरा हात चालवतो. अशा वेळी गाडीत चढण्याची घाई सोडा आणि दोन पावले बाजूला व्हा. "काय हो, रेटताय कशाला?" असे मोठ्याने विचारा. भला माणूस असेल तर मागे सरकेल, रागावणार नाही. रोकड मागच्या खिशात किंवा लोंबत्या पिशवीत ठेवू नये. बंडीच्या आतल्या खिशात, वर बटण लावून ठेवावी. मोठी रक्कम शक्यतो खात्यावरच घ्यावी. आणि बाकावर बसून, चार लोकांदेखत नोटा मोजू नयेत.

दुसरी खूण म्हणजे अनोळखी माणसाने अचानक दाखवलेली काळजी. "काका, तुमच्या सदऱ्यावर घाण पडली," "तुमचे पैसे खाली पडले बघा," असे बँकेबाहेर कोणी म्हणाले की आपण खाली वाकतो आणि पिशवी हातातून सुटते. आधी पिशवी छातीशी धरा, पुन्हा बँकेत जा आणि मगच सदरा झटका. एटीएमपाशी "मी काढून देतो" म्हणणाऱ्याला कार्ड देऊ नका. तो कार्ड बदलून दुसरेच हातात देतो. पैसे काढता येत नसतील तर बँकेच्या वेळेत जाऊन कर्मचाऱ्याकडून शिकून घ्या. त्यात कमीपणा नाही.

तिसरी खूण दागिन्यांची. ती आमच्या आजीबाई-मावशींनी पक्की ध्यानात ठेवावी. "शेठला मुलगा झाला, गरिबांना साड्या वाटतात. दागिने काढून ठेवा, म्हणजे गरीब दिसाल," असे सांगून दागिने रुमालात बांधायला लावतात. दुसरे सोंग पोलिसाचे. "पुढे मारामारी झालीय, आम्ही साध्या वेषातले पोलीस, दागिने पुडीत बांधून ठेवा." पुडी तोच बांधून देतो. घरी येऊन सोडली की आत खडे. भररस्त्यात दागिने काढायला लावून पुडी बांधून देणे हे पोलिसाचे कामच नव्हे. असे कोणी म्हणाले की उत्तर ठरलेले असावे, "चला साहेब, ठाण्यातच जाऊ." आणि चालू लागावे, ते जवळच्या दुकानाकडे.

चौथी खूण फोनची. बाजारात माल विकताना समोरचा म्हणतो, "पैसे पाठवले, हे बघा," आणि आपल्या फोनवरचे चित्र दाखवतो. त्याच्या फोनवर विसंबू नका. आपल्या खात्यात रक्कम आली का ते पाहा, मगच पोते हलू द्या. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना. "हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुमच्याकडे येतील," असे म्हणणारा लबाड समजावा. ओटीपी तर सख्ख्या भावाने मागितला तरी फोनवर सांगू नये.

आता प्रश्न अंगावर आलेल्या माणसाचा. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. स्वसंरक्षण म्हणजे मारामारी जिंकणे नव्हे, धडपणे घरी पोहोचणे होय. चाकू दाखवून पैसे मागितले तर पैसे द्यावेत. सोयाबीन पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. मात्र अंगाला हात घातला, ओढू लागला, तर गप्प राहू नये. प्रथम आवाज. नुसते "वाचवा" म्हणण्यापेक्षा एकाच माणसाकडे पाहून हाक मारा, "ओ निळ्या शर्टवाले दादा, इकडे या, हा माणूस त्रास देतोय!" सर्वांना मारलेली हाक कोणाचीच नसते. एकाला मारली की त्याचे पाय उचलतात.

मनगट धरले असेल तर सरळ मागे ओढू नका. धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटे जेथे मिळतात, तो त्याच्या पकडीचा कच्चा भाग. मनगट त्या दिशेने वळवून झटक्यात काढा. मागून मिठी घातली तर कोपर पोटात मारा, टाचेने त्याच्या पावलावर जोराने दाबा. पकड सुटली की थांबू नका. माणसे आणि उजेड असेल तिकडे धावा. मिरचीपूड जवळ बाळगावी असे काहीजण सांगतात, पण वारा उलटा असेल तर ती आपल्याच डोळ्यात जाते. फवारणी करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. गावच्या शाळेत लाठीकाठीचे वा कराटेचे वर्ग असतील तर मुलींना आवर्जून पाठवा. चार महिन्यांत पोरीची मान कशी ताठ होते ते पाहा.

मुलींचा विषय निघाला म्हणून आता जे सांगणे मला जड जाते तेही सांगतो. २०१६ साली माझी मुलगी तालुक्याच्या कॉलेजात एस.टी.ने जात असे. एक इसम रोज तिच्या मागच्या बाकावर बसे, उतरताना धक्का देई, पुढे तर कॉलेजच्या फाटकापर्यंत मागे येऊ लागला. हे आम्हाला कळले महिन्याने, तेही तिच्या मैत्रिणीकडून. मी मुलीला जवळ बसवून विचारले, "बाळ, घरी का नाही बोललीस?" ती खाली मान घालून म्हणाली, "बाबा, तुम्ही कॉलेज बंद कराल म्हणून."

गावोगावच्या बैठकांत स्त्रीशिक्षणावर भाषणे करणारा मी! माझ्याच पोरीला माझा भरवसा नव्हता. आणि खरे सांगायचे तर तिचे काही चुकले नव्हते. तिने ऐकले होते ते शेजारच्या दोन घरांत काय झाले ते. त्रास कोणी दिला आणि घरात कोणाला बसवले?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्याच गाडीने गेलो. तिने स्वतः वाहकाला सांगितले. आवाज कापत होता, पण सांगितले. गाडीतल्या बाजारकरी बायका उठून उभ्या राहिल्या. वाहकाने चालकाला सूचना दिली आणि गाडी थांब्याऐवजी पोलीस ठाण्याच्या दारात उभी राहिली. पुढे ती पदवीधर झाली. पण महिनाभर ती पोर एकटीने काय सोसत होती, हे आठवले की मला अजून अपराधी वाटते.

कायदा आपल्या बाजूला आहे हेही जाणून असावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क दिला आहे. मर्यादा अशी की बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. चोर पळाल्यावर त्याला झाडाला बांधून मारणे हा बचाव नव्हे, तो गुन्हा आहे. मुलीचा पुन्हापुन्हा पाठलाग करणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. "आमच्या हद्दीत येत नाही" असे कोणी म्हणाल्यास नम्रपणे, पण ठामपणे ही गोष्ट सांगावी.

पुढील क्रमांक घरातल्या भिंतीवर, दिनदर्शिकेशेजारी ठळक लिहून ठेवा. कोणत्याही संकटात ११२. फोनवरून वा खात्यातून पैसे गेल्यास १९३०, आणि तेही लगेच, कारण जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. महिलांच्या मदतीसाठी १८१. मुलांसाठी १०९८.

आता या आठवड्याचे काम. एके रात्री जेवणे झाली की घरातल्या सर्वांनी ओसरीवर बसावे. आजीने साडीवाल्याचे सोंग ऐकून काय उत्तर द्यायचे ते मोठ्याने म्हणून दाखवावे. मुलांनी मनगट सोडवून पाहावे. हसू येईल, येऊ द्या. हसत शिकलेले अडचणीत आठवते.

शेवटी घरातल्या कर्त्या माणसाने एक वाक्य सर्वांदेखत बोलावे. मुलीला सांगावे, "काहीही झाले तरी घरी सांग. तुझे कॉलेज बंद होणार नाही." आणि म्हाताऱ्यांना सांगावे, "पैसे गेले तरी तुम्हाला कोणी बोलणार नाही." हे वाक्य मी माझ्या घरी वेळेवर बोललो नाही. तुम्ही संकट येण्याआधी बोला.

पुढील आठवड्यात हरभऱ्याच्या घाटेअळीकडे वळू. तोवर बाजार सावधपणे करा. मळणीयंत्राचे, तणनाशकाचे प्रश्न जसे पत्राने कळवता, तसेच असे अनुभवही भीड न धरता अवश्य कळवा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी, बी.एस्सी. (कृषी)